न्हाई म्हणणारी शाळा

त्या गृहस्थांचे नाव मी येथे देत नाही. नाव दिले की माणूस त्याच्या गावचा आणि भाऊबंदांचा होऊन बसतो. मला ते जसे दिसले तसे मग उरत नाहीत. हिंगोलीच्या तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला आहे, त्यांना मी नुसते 'मास्तर' म्हटले तरी पुरे आहे. इतरांसाठी पुढे लिहितो.

माझ्याविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मी अर्जनवीस, सरकारी सनद असलेला. शिक्षण म्हणाल तर मोडी पूर्ण, उर्दू कचेरीपुरती पक्की आणि बालबोध, म्हणजे देवनागरी, जेमतेम. परंतु निजाम सरकारच्या अमलात या तालुक्यातून वर गेलेल्या ज्या अर्जांना जबाब आला, त्यांतले बहुतेक माझ्या हातचे होते, हे मी बढाई म्हणून नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. अर्जाची एक रीत असते. आरंभी हुजुरांची थोरवी, मग अर्जदाराची लघुता, मग हकीकत, आणि अखेरीस हात जोडणे. लिहून झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि विचारायचे, "मजमून समजला?" अर्जदाराने म्हणायचे, "व्हय मालक." मग अंगठा. त्याला उर्दू समजलेली नाही हे मला ठाऊक असे. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक असे. तरीही विचारायचे, आणि तरीही त्याने व्हय म्हणायचे. सगळ्या मुलुखाचा कारभार त्या एका शब्दावर चाललेला होता.

मास्तरांनी तो शब्दच लोकांच्या तोंडून काढून घेतला.

त्यांची पहिली ओळख मला त्यांच्याकडून झाली नाही. बाजाराचा दिवस होता. एका तांड्याचा नाईक कुरणाच्या तंट्यासाठी माझ्यासमोर बसला होता. मी अर्ज वाचला, रीतीप्रमाणे विचारले आणि शाईची डबी पुढे सरकवली. नाईकाने अंगठा मुडपून मुठीत घेतला.

"न्हाई समजलं," तो म्हणाला.

"काय समजलं नाही?"

"काईच न्हाई. तुमी काय वाचून राहिले ते मराठीत सांगा."

"नाईक, आजवर तर समजत होतं तुम्हांला."

"आजवर बी समजत नव्हतं. म्हनता येत नव्हतं, एवढंच. आता मास्तरनं शिकवलं. दिवेलागणीला देवळाच्या ओट्यावर मोठ्या मानसाची शाळा भरते आमच्या इथं. तिथं समजल्याबिगर कोनी व्हय म्हनलं तर मास्तर मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत. नुसतं म्हनतेत, 'हां, मग सांगा बरं.' अन् मानूस उघडा पडतो."

मागच्या रांगेतून कोणीतरी बोलले, "घ्या! आज अर्जनवीसाचीच परीक्षा हाय!" सगळे हसले. मी तो अर्ज ओळीओळीने मराठीत सांगितला. सांगता सांगता उन्हे कलली आणि माझी रांग पलीकडच्या झाडाखालच्या अर्जनवीसाकडे निघून गेली. त्या दिवसापासून त्या बाजूचे कोणी गिऱ्हाईक येताना दिसले की मी शाईची डबी झाकू लागलो.

पुढे मास्तरच आले. पुसेगावच्या वाटेवरच्या एका खेड्यात त्यांची शाळा होती. पगारासाठी ते तहसिलीत येत. उंच, पुढे वाकलेले, सुतळीने बांधलेली छत्री काखेत, आणि सुतार जशी कानावर पेन्सील ठेवतो तसा कानावर खडू. बोलण्यापूर्वी ते माणसाकडे असे पाहत, की आपण काहीतरी विसरून आलो आहोत असे वाटावे.

"तुमच्याकडं उर्दू शिकायची आहे," ते म्हणाले.

"कशाला? तुमची शाळा तर मराठी."

"मला येत न्हाई म्हणून."

मला ते उत्तर उद्धटपणाचे वाटले. ते त्यांचे तत्त्व होते, हे मागाहून कळले. मास्तराने दरसाल एखादी न येणारी गोष्ट शिकायला घ्यावी, असा त्यांचा नेम होता. "न्हाईतर न येणं कसं असतं ते आपण इसरतो," ते म्हणत, "आणि इसरलेला मास्तर पोरांना मारतो." एका साली ते कुंभाराकडे चाकावर बसले. कुंभाराने सगळ्या आळीदेखत त्यांना 'चिखल नासवू नका, गुरुजी' म्हणून उठवले, तर ते त्याच्या पाया पडून आले. शनिवारी शाळेत ते डाव्या हाताने फळ्यावर लिहीत. अक्षरे अशी लोळत की पहिलीतली पोरे त्यांना सुधारून देत. गावात बोलवा झाली, मास्तरला शनवारी लिवता येत न्हाई. पाटलाने विचारले तेव्हा ते म्हणाले, "बराबर आहे. तुमच्या पोराला तर सातही वार येत न्हाई. त्याला सोबत नको का?"

पगाराच्या दिवशी तालुकाभरचे मास्तर कचेरीत जमत. त्यांना गाठून आमचे मास्तर विचारीत, "या महिन्यात तुम्हांला काय शिकवता आलं न्हाई?" त्यांच्या मते मास्तर लोकांनी एकत्र बसून एवढीच एक गोष्ट बोलावी, बाकी बोलणे गावात होतेच. सेनगावकडचे एक वयस्क गुरुजी भडकून म्हणाले, "मला सगळं शिकवता येतं." यांनी कानावरचा खडू काढून त्यांच्यापुढे धरला आणि नम्रपणे म्हटले, "मग मला शिकवा. मला गुणाकाराचा हातचा कसा सांगावा ते उमजत न्हाई." त्यानंतर आमचे मास्तर दिसले की बाकीची मास्तरमंडळी कचेरीच्या मागच्या दाराने जाऊ लागली.

शिष्य म्हणून ते असह्य होते. मी कचेरीतल्या मोठमोठ्या शब्दांचा अर्थ सांगावा, "समजलं?" म्हणावे, आणि त्यांनी भर रस्त्यात, लोक ऐकत असताना, खणखणीत आवाजात म्हणावे, "न्हाई." एकदा माझा संयम सुटला.

"मास्तर, चार माणसांत लाज नाही वाटत?"

"वाटत होती. तिच्यापायी मरता मरता राहिलो," ते म्हणाले, आणि त्यांनी ती हकीकत सांगितली. पोहायला शिकण्याचे त्यांचे साल होते. नाईकाचा भाऊ त्यांना विहिरीच्या काठावर उभा करून हात कसे मारायचे, दम कसा धरायचा ते सांगत होता. काठावर त्यांचीच शाळकरी पोरे बसलेली. त्याने विचारले, समजलं का गुरुजी? पोरांसमोर मास्तर 'न्हाई' कसे म्हणणार? ते 'व्हय' म्हणाले आणि उडी टाकली. "पाण्याला खोटं सांगता येत न्हाई, अर्जनवीस. दोर टाकून काढलं मला. वर आलो, पाणी ओकलो, अन् पयला शब्द तोंडातून निघाला तो 'न्हाई'. काठावरच्या पोरांना तितका चांगला धडा मी कधी दिला नव्हता."

तेव्हापासून त्यांच्या शाळेत ती रीत पडली. मास्तरांनी "समजलं का?" विचारले की सगळ्या वर्गाने एका सुरात "न्हाई!" म्हणायचे. मग मास्तर विचारीत, "काय न्हाई समजलं?" आणि मग हात वर होत. ज्याला खरोखर समजले असेल त्याने उठून दुसऱ्याला सांगायचे. 'व्हय' म्हणायचा हक्क तेवढ्या एकाला.

आता मुख्य हकीकतीकडे येतो.

वरून हुकूम निघाला की ज्या शिक्षकांनी ट्रेनिंगची परीक्षा दिलेली नाही, त्यांचा पाठ शाळा तपासणारे मोहतमीम साहेब जातीने पाहतील. पाठ पसंत न पडेल त्याची नोकरी जाईल. मास्तरांनी ट्रेनिंग कधी पाहिलेच नव्हते. पुढच्याच बाजारी त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. मास्तर दुकानात खडू घेत होते तेवढ्यात त्या पदर सावरून बोलल्या.

"भावजी, तुमचं ऐकतेत ते. एका दिसापुरतं पोराईला व्हय म्हनायला सांगा म्हनावं. घरात दोन लेकी लग्नाच्या हायेत. यांची नोकरी गेली तर आमी काय विहिरीत पोहत बसावं?"

मी सांगितले. मला जितक्या गंभीरपणे सांगता येते तितक्या गंभीरपणे सांगितले. साहेबांना रीत ठाऊक नाही, पोरांच्या तोंडचा तो एक शब्द त्यांच्या कानी पडला की सर्व संपले.

मास्तर बराच वेळ छत्रीची सुतळी सोडत आणि बांधत राहिले. मी त्यांना घाबरलेले प्रथमच पाहत होतो.

"व्हय शिकवायला एक सकाळ पुरे," ते म्हणाले. "पण मग ते जन्मभर जात न्हाई. काय करू, तुमीच सांगा."

मी म्हणालो, साहेब विचारणारच नाहीत, कदाचित. ते म्हणाले, "व्हय. कदाचित." त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून मला बरे वाटण्याऐवजी धास्तीच वाटली.

तपासणीच्या दिवशी मी धंदा बंद ठेवून गेलो. शिष्याच्या निकालावर गुरूची अब्रू असते. शाळेच्या खिडकीशी नाईक, पाटील, ओट्यावरच्या वर्गातली मोठी माणसे अशी दाटी झाली होती. मास्तरांच्या पत्नी मागे, जोत्याला टेकून उभ्या.

साहेब वयस्कर, अबोल आणि थकलेले होते. रस्त्याच्या धुळीने त्यांची शेरवानी पांढरी झाली होती. मास्तरांनी सारवलेल्या जमिनीवर राखेने गाव काढले: देऊळ, विहीर, तांड्याची वाट, ओढा. पोरे आपापल्या घराच्या जागी जाऊन उभी राहिली. मग मास्तरांनी तेच गाव फळ्यावर लहान करून काढले, आणि एकेकाने येऊन आपले घर बोटाने दाखवायचे होते. ओढ्याकाठचे एक पोरगे फळ्यापाशी जाऊन घुटमळले; त्याला आपले घर सापडेना. परंतु साहेब मान डोलवीत होते. एकदा तर ते हसले. मी खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता की हाताला गंज लागला. झाले, मी मनात म्हटले, पार पडले.

साहेब उठले. ते सज्जन गृहस्थ होते. पोरांशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलावे असे त्यांना वाटले. मोठ्या मायेने त्यांनी मराठीत विचारले, "बच्चो, समजलं का?"

"न्हाई!"

सगळा वर्ग ओरडला. आनंदाने, छाती भरून. आणि सवयीने, मी स्वतः ऐकले, खिडकीतला नाईक आणि त्याच्याबरोबरची सगळी मोठी माणसेही ओरडली, "न्हाई!"

साहेबांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. आपली कोणी थट्टा मांडली आहे असे त्यांना वाटले असावे. त्यांनी वही मिटली.

मास्तर पुढे झाले. "साहेब, थांबा. जरा थांबा. पाठ तर आता सुरू होतो."

"पाठ खतम हो गया, मास्टर," साहेब म्हणाले, आणि टांग्यात बसले.

त्याच संध्याकाळी हुकूम आला: मुअत्तल, म्हणजे कामावरून दूर. कायमची बडतर्फी साहेब परभणीला पोहोचून लिहिणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजापर्यंत त्यांचा मुक्काम हिंगोलीच्या डाक बंगल्यात होता. काय करायचे ते तेवढ्यात.

सकाळी मास्तर आणि त्यांच्या पत्नी माझ्यासमोर येऊन बसले. मी रात्रीच मनात मजमून जुळवला होता. तसा अर्ज मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही. त्यात हुजूर सूर्य होते, फिदवी, म्हणजे अर्जदार, धुळीचा कण होता. त्यात लिहिले होते की, या गावची मुले जन्मतः मंदबुद्धीची आणि रानटी असून त्यांना प्रश्नच कळला नाही. मुलांच्या अडाणीपणाची सजा गरीब शिक्षकाला होऊ नये. मी तो वाचून दाखवला. मग रीतीप्रमाणे विचारले, "मजमून समजला?"

आणि मास्तर म्हणाले, "व्हय."

मी लेखणी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"समजला," ते म्हणाले. "शब्दन् शब्द समजला. तुमी चांगलं शिकवलं मला. म्हणून तर सही करता येत न्हाई."

"मास्तर, ही अर्जाची रीत आहे!"

"पोरं मंद न्हाईत. प्रश्न त्यांना बराबर कळला. ओढ्याकडच्या पोराला त्याचं घर सापडलं नव्हतं, बाकीच्यांनाही ओढा फळ्यावर उलटा का वाहतो ते उमजलं नव्हतं. खरं तेच बोलली."

"अहो, साहेबांचा टांगा जुंपत असेल!" माझा आवाज चढला. "लघुता नसलेला अर्ज म्हणजे अर्जच नव्हे. साहेब फेकून देतील. मग मला दोष द्याल!"

मला वाटले, त्यांच्या पत्नी आता माझ्या बाजूने बोलतील. त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भावजी, ते काय सांगतेत ते लिव्हा. आता व्हय म्हनले तर घरी येऊन पानीच ओकत बसतील."

मी लिहिले. कागद इतका लहान झाला की मला त्याची शरम वाटली. 'मुलांना पाठ समजला नव्हता. तसे त्यांनी सांगितले. तसे सांगण्यास मी शिकवले आहे. पाठ अपुरा राहिला. तो पुरा करण्याची परवानगी व्हावी.' वर सूर्य नाही, खाली धूळ नाही. मी तो हातात घेऊन डाक बंगल्याकडे अक्षरशः धावलो. मास्तर छत्री सावरीत मागून. टांगा खरोखरच दारात जुंपलेला होता.

साहेबांनी अर्ज वाचला. उलटून पाहिला, मागे आणखी काही आहे का म्हणून. मग मास्तरांकडे पाहून विचारले, ही रीत कुठे शिकलात? मास्तरांनी उर्दूत उत्तर द्यायला आरंभ केला, मी शिकवलेल्या उर्दूत, अडखळत; आणि विहिरीची गोष्ट सांगितली. मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात त्यांची क्रियापदे सावरत होतो. मला वाटले, साहेब आता हसतील किंवा हाकलून देतील. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी अर्ज टांग्याच्या बैठकीवर ठेवून लेखणी काढली.

"तुम पढ़ाना नहीं जानते, ऐसा मैं नहीं लिखूँगा," ते शेवटी म्हणाले. "मगर सनद तुम्हारे पास नहीं. कायदा मैं नहीं बदल सकता." त्यांनी अर्जावर लिहिले: या शिक्षकाने औरंगाबादेस जाऊन ट्रेनिंग शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल व्हावे, पास झाल्यास जागा परत मिळेल, नापास झाल्यास नाही.

आम्ही परत निघालो. लिंबाखाली त्यांच्या पत्नी वाट पाहत होत्या. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "या वयात पाटी-दप्तर! मिसरूड न फुटलेल्या पोराईच्या मांडीला मांडी लावून! अन् तिथं न्हाई आलं तुमाला काई, तर?"

"तीच तर भीती आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा मी पाहिला. भीती होतीच, पण लग्नाला निघालेल्या माणसाला असते तशी.

ते गेले. पत्नी लेकींना घेऊन कळमनुरीकडे भावाच्या घरी राहिल्या. शाळेवर दुसरे मास्तर आले, व्यवस्थित, वेळेवर येणारे. महिनाभरात पोरे व्हय म्हणायला लागली, असे नाईकाने मला सांगितले. सांगताना तो कोणाच्या मयतीहून आल्यासारखा बोलत होता. पुढे दिवस फार वाईट आले. रस्ते धोक्याचे झाले, टपाल बंद, गावेच्या गावे कुलूप लावून निघून गेली. नाईक दर बाजारी येऊन विचारी, "मास्तरचं काई कळलं?" आणि मी म्हणे, "न्हाई." मलाही तो शब्द म्हणता येऊ लागला होता, परंतु वेगळ्या अर्थाने आणि जड जिभेने.

मग निजामाचे राज्य गेले. थंडीच्या तोंडाशी एका सकाळी कचेरीसमोर ती सुतळी बांधलेली छत्री दिसली. ते अर्धी वाट पायी आले होते, वाळून काटकी झालेले, केस पांढरे. खडू कानावर होता. सनद दाखवली, कागद घामाने मऊ पडलेला. पास झाले होते, शेवटच्या नंबरात.

"लई अवघड गेलं," ते अभिमानाने म्हणाले.

त्यांना त्यांची जागा मिळाली. त्याच सुमारास कचेरीने मला कळवले की यापुढे अर्ज बालबोध मराठीत घेतले जातील. माझी उर्दू, माझा सूर्य, माझी धूळ, सगळे एका कागदाने निकामी झाले. पलीकडच्या झाडाखालचा अर्जनवीस हसून म्हणाला, "आता कसं, मुन्शीजी?" मी त्याला म्हणालो, त्यात काय अवघड आहे. घरी जाऊन पाटी काढली, आणि माझा हात शनिवारच्या मास्तरांसारखा लोळू लागला.

शेवटी एका संध्याकाळी मी त्या देवळाच्या ओट्यावर गेलो. मागे, खांबाच्या आडोशाला बसलो. समोर ज्यांचे ज्यांचे अंगठे मी घेतले होते ती सगळी माणसे बसलेली. नाईकाने मला पाहिले, सरकून जागा केली आणि मला पुढे ओढून घेतले. मास्तरांनी फळ्यावर जोडाक्षरे काढली, रफाराची आणि पोटफोड्या ष-ची. मला ती पाहून घाम फुटला. त्यांनी वळून विचारले, "समजलं का?"

नेमके त्या वेळी कोणीच बोलले नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. नाईकाने कोपराने ढोसले. "म्हना की, अर्जनवीस. जीव जात न्हाई."

माझ्या तोंडाशी 'व्हय' आला होता. तो जुना, सनदेचा, कारभार चालवणारा. मी तो गिळला.

"न्हाई," मी म्हणालो. मला वाटले होते त्याहून तो मोठ्याने निघाला.

मास्तरांनी कानावरचा खडू काढला, माझ्यासमोर उकिडवे बसले, आणि विचारले, "काय न्हाई समजलं?"

आणि पाठ सुरू झाला.